स्ट्रॉबेरीचा पावसाळा

दिवाळीच्या दिवसांत पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार, गुरेघर, मेटगुताडच्या उतारांवर काळ्या मल्चिंग पेपरचे लांबच लांब पट्टे दिसतात. प्रत्येक पट्ट्यात ठरावीक अंतरावर भोकं आणि त्या भोकांतून वर आलेली तळहाताएवढी हिरवी रोपं. जवळ जाऊन पाहिलं, तर पानांच्या मधोमध पहिली फुलं उमललेली असतात : पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळं बटण. फळ अजून दूर असतं. नोव्हेंबरअखेर ते हाताला लागायला सुरुवात होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. सहलीला आलेली माणसं त्या लाल महिन्यांचीच वाट पाहतात, आणि स्ट्रॉबेरीबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं तेही बहुतेक त्याच महिन्यांतलं असतं.

पण दिवाळीत फुललेल्या त्या रोपाची अर्धी कहाणी तोवर घडून गेलेली असते. ती घडते जून ते सप्टेंबर, भर पावसात, आणि तीही महाबळेश्वरात नाही तर पसरणी घाटाच्या पायथ्याशी. हे झाड समजून घ्यायचं तर त्याचा पावसाळा पाहावा, असं माझं ठाम मत आहे. फळ हा त्याच्या वर्षाचा शेवटचा, सगळ्यात सोपा भाग आहे.

मुळात स्ट्रॉबेरी हे एका हंगामाचं झाड नाही. ते बहुवर्षायू आहे. थंड देशांत परसातला एक वाफा नीट राखला तर तीन-चार वर्षं फळ देतो. रोप स्वतः म्हातारं होईपर्यंत त्याच्या भोवती डझनावारी नवी रोपं जमिनीत रुजलेली असतात. आपल्याकडे मात्र ते गव्हा-हरभऱ्यासारखं लावलं आणि काढलं जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण, एप्रिल-मेमध्ये शेत मोकळं. झाड मरतं म्हणून नव्हे, तर पुढचा पावसाळा त्याला त्या जागी काढता येणार नाही म्हणून ते उपटावं लागतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. मुळांशी दोन दिवस पाणी साचलं तरी ज्याचा गाभा सडायला लागतो, त्या झाडासाठी ही जागा वर्षातले आठ महिने स्वर्ग आणि चार महिने मरणाची.

*

हा गाभा म्हणजे क्राऊन. स्ट्रॉबेरीला उभं खोड नाही असं वाटतं, पण ते असतं, फक्त अगदी आखूड, इंच-दोन इंचांचं, मातीच्या पातळीवर दडलेलं. पानं, फुलांचे दांडे, मुळं आणि रनर सगळं या क्राऊनमधूनच निघतं. दर वर्षी तो थोडा वर सरकतो आणि नवी मुळं आधीच्या मुळांच्या वरच्या बाजूला फुटतात. म्हणून जुनं रोप मातीतून उचलल्यासारखं दिसतं, वरची कोवळी मुळं उघडी पडतात आणि माती न मिळाल्याने वाळून जातात. बहुवर्षायू स्ट्रॉबेरी सांभाळण्याचं अर्धं कौशल्य या एका गोष्टीत आहे : क्राऊन गाडला जाऊ नये आणि त्याची मुळं उघडी राहू नयेत.

रनर म्हणजे याच क्राऊनच्या बेचक्यातून निघून जमिनीवर धावत जाणारा दोरीसारखा दांडा. त्याच्या पहिल्या पेरावर सहसा काही होत नाही. दुसऱ्या पेरावर पानांचा छोटा झुबका येतो, त्याच्या बुडाशी मुळांचे पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि ओल्या मातीचा स्पर्श झाला की ते रुजतात. तिथून दांडा आणखी पुढे जातो, पुन्हा एक पेर सोडून पुढच्या पेरावर नवं रोप. मुळं धरेपर्यंत आई त्या दांड्यातून पाणी आणि अन्न पुरवते. दांडा वाळला की लेक स्वतंत्र.

ही लेक आईची हुबेहूब प्रत असते. बी रुजवून आलेलं रोप तसं नसतं. त्यात दोन पालकांचं मिश्रण असतं आणि फळ कसं निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून जगभरची स्ट्रॉबेरी रनरवर चालते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या पैदास कार्यक्रमातून आलेली स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन, कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅमारोसा या जातींची जगात आज जितकी रोपं उभी आहेत, ती सगळी प्रत्येकी एकाच मूळ झाडाचा विस्तार आहेत. त्या अर्थाने हे झाड किती जगतं या प्रश्नाचं उत्तर वर्षांत देताच येत नाही.

*

आज आपण खातो ती मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी निसर्गात कुठेच नव्हती. युरोपच्या रानात पूर्वीपासून असलेली जात नखाएवढ्या फळाची, सुगंधी. उत्तर अमेरिकेतून व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी युरोपात गेली होती. तिचा रंग आणि वास चांगला, पण फळ लहानच. तिसरी होती दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या किनाऱ्यावर. तिथले मापुचे लोक युरोपीय माणसं पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिची लागवड करत होते आणि तिचं फळ बाकी सगळ्यांपेक्षा मोठं होतं.

फ्रान्सच्या राजाने अमेदे फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश किल्ल्यांची पाहणी करायला पाठवलं. हा माणूस तटबंदीची मोजमापं घेता घेता झाडंही पाहत होता. 1714 मध्ये परत येताना त्याने कॉन्सेप्सिओनहून चिलीची रोपं जहाजावर घेतली. प्रवास कित्येक महिन्यांचा, पिण्याचं पाणी मोजून मिळायचं. त्यातून पाच रोपं जिवंत राहिली. जहाजाच्या, पाणी देणाऱ्या माल-कारभाऱ्याला त्यातली दोन मिळाली, एक पॅरिसच्या राजबागेत गेलं.

रोपं वाढली, रनर सुटले, फुलंही आली. फळ मात्र धरेना. कारण फ्रेझिएने मोठ्या फळाची रोपं निवडून आणली होती आणि चिलीच्या जातीत नर आणि मादी रोपं वेगळी असतात. त्याने आणलेली सगळी मादी निघाली. पुढे ब्रिटनी प्रांतात, ब्रेस्टच्या परिसरात, बागाईतदारांनी अनुभवाने शोधून काढलं की शेजारी व्हर्जिनियाची रोपं लावली तर चिलीची रोपं भरघोस फळतात. यामागचं कारण उलगडलं आंत्वान निकोला द्युशेन या मुलाने. वर्सायच्या राजबागेत वाढलेला हा मुलगा 1764 मध्ये सोळा-सतरा वर्षांचा होता, तेव्हाच त्याने दुसऱ्या जातीचे पराग वापरून चिलीच्या रोपाला फळ धरवून राजाला दाखवलं. 1766 मध्ये त्याने स्ट्रॉबेरीच्या जातींवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि बागांमध्ये आपोआप उगवलेली अननसाच्या वासाची नवी मोठी स्ट्रॉबेरी हा चिली आणि व्हर्जिनियाचा संकर आहे हे सांगितलं. महाबळेश्वरच्या गाडीवर विकलं जाणारं प्रत्येक फळ त्याच संकराचं वंशज आहे. दोन वेगळ्या खंडांतल्या या दोन जाती एकमेकींना भेटल्या त्या एका बागेत, माणसाच्या हाताने.

द्युशेनचं नाव वनस्पतिशास्त्रात आणखी एका झाडाला मिळालं होतं, आणि ते झाड आपल्या हिमालयात भरपूर आहे. तीन-तीन पानांचे झुबके, जमिनीवर धावणारे रनर, वर तोंड करून बसलेलं लालभडक गोल फळ. कुणीही फसावं असं. ओळखायची खूण सोपी : फूल पिवळं. खऱ्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं. हे फळ विषारी नाही, पण त्याला चवच नसते. जमीन झाकायला, सावलीतला कोपरा हिरवा ठेवायला अनेक बागांत ते मुद्दाम लावतात. एकदा रुजलं की काढणं कठीण, हे लावण्याआधी लक्षात घ्यावं.

*

महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी आली ती इंग्रजांबरोबर. 1828 नंतर जॉन माल्कमच्या पुढाकाराने इथे हवा खाण्याचं ठिकाण उभं राहिलं आणि साहेबांच्या ताटासाठी विलायती भाजीपाला, फळं लावली जाऊ लागली. तांबडी, निचऱ्याची, थोडी आम्लधर्मी माती आणि थंडीतल्या गार रात्री स्ट्रॉबेरीला मानवल्या. इंग्रज गेले, झाड राहिलं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे 85 टक्के महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येते असं सांगितलं जातं. 2010 मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पुस्तकांचं गाव म्हणून 2017 पासून ओळखलं जाणारं भिलार मुळात स्ट्रॉबेरीचं गाव.

या सगळ्याचा पाया मात्र खाली आहे. वाई सुमारे सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मध्ये पसरणी घाट, डझनभर किलोमीटरचा. एवढ्या अंतरात पावसाचं मान कित्येक पटींनी उतरतं. म्हणून डोंगरावरचे शेतकरी पावसाळ्यापुरती वाई तालुक्यात जमीन धरतात आणि तिथे रोपवाटिका करतात.

मे-जूनच्या सुमारास परदेशातून मदर प्लांट, म्हणजे आई-रोपं, येतात. कॅलिफोर्निया, इटली, स्पेन. थंड प्रदेशातल्या रोपवाटिकांत वाढलेली, थंडी खाऊन झोपी गेलेली, पानं काढून टाकलेली ही रोपं बघताना वाळल्या मुळांची जुडीच वाटते. उंच गादीवाफ्यांवर ती लागतात. दिवस मोठे, हवा उबदार, जमीन ओली. स्ट्रॉबेरीसाठी ही रनर सोडण्याची आज्ञाच असते. या झाडाच्या अंगात दोन ऋतू आहेत. दिवस मोठा आणि ऊब असली की ते पसरतं, दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की फुलतं. आपल्या अक्षांशावर सगळ्यात मोठा दिवस 13 तासांच्या थोडा वर आणि सगळ्यात लहान 11 तासांचा. युरोपसारखा मोठा फरक इथे नाही, त्यामुळे तापमानाचा वाटा जास्त. घाटाखालची ऊब रनर देते, घाटावरचा गारवा फूल. एका घाटाच्या अंतरात झाडाचे दोन्ही ऋतू मिळतात, हे या भागाचं खरं भाग्य आहे. कॅलिफोर्नियातही रोपं उत्तरेकडच्या उंच, थंड रोपवाटिकांतून किनाऱ्यावरच्या शेतांकडे जातात. तिथे तो प्रवास शेकडो किलोमीटरचा असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये या वाफ्यांवर जे काम चालतं ते कंबरेचं काम आहे. रनर सुटला की वाफ्याच्या कडेने मातीच्या छोट्या पिशव्या मांडायच्या, प्रत्येक पिशवीत एक पेर टेकवायचं, तारेचा आकडा करून ते हलकं दाबायचं. फार दाबलं तर कोंब मोडतो, सैल राहिलं तर वाऱ्याने उचलतं आणि मूळ धरत नाही. मदरला फूल आलं तर खुडायचं, कारण या महिन्यांत तिची सगळी ताकद लेकींकडे जायला हवी. पाऊस लागून राहिला की पानांवर करपा येतो, वाफ्याच्या टोकाला पाणी तुंबलं तर क्राऊन आतून तपकिरी होऊन मर सुरू होते. एका चांगल्या मदरपासून साधारण 25-30 रोपं मिळावीत अशी अपेक्षा असते. एकराला सुमारे 22,000 रोपं लागतात. पिशव्या भरणं, मांडणं, पेर टेकवणं यात बायांचे हात सर्वांत जास्त असतात आणि हंगामाच्या कुठल्याही छायाचित्रात ते दिसत नाहीत. मला वाटतं, स्ट्रॉबेरीचं श्रेय मोजायचं तर इथून मोजायला सुरुवात करावी.

सप्टेंबरात पाऊस ओसरला की पिशव्या टेम्पोत भरून घाट चढतात. वर तोवर बेड तयार असतात : उंच केलेली माती, आत ठिबकची नळी, वर मल्चिंग पेपर. मल्चिंगमुळे तण दबतं, ओल टिकते आणि पुढे फळ मातीला टेकत नाही. पूर्वी हेच काम भाताचा पेंढा करायचा.

*

फुलापासून फळापर्यंतचा भाग थोडक्यात सांगतो, एका गोष्टीपुरता थांबून. आपण ज्याला स्ट्रॉबेरीचं बी म्हणतो तो प्रत्येक पिवळा दाणा हे स्वतंत्र फळ असतं, आणि लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं आसन. 1950 मध्ये ज्याँ निच या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले, तर गर वाढायचा थांबला. दाण्यांच्या जागी ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक लावलं, तर पुन्हा फुगला. म्हणजे दाणा जिथे भरला तिथे गर भरतो. फुलाच्या एका बाजूला पराग पोहोचले नाहीत तर ती बाजू आत ओढलेली राहते. बाजारात दिसणारं वेडंवाकडं, दबलेलं फळ बहुधा मधमाशी न आल्याची खूण असते.

महाबळेश्वर तालुक्यातच खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि मांघर हे गाव 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी माशी इथली मूळची. जंगल, मध आणि स्ट्रॉबेरी ही या डोंगराची तीन वेगळी उत्पन्नं मानली जातात. फुलाच्या पातळीवर ती एकच गोष्ट आहेत. फुलोऱ्यात सकाळच्या वेळी कीटकनाशक न फवारणं हा मधमाश्या राखण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय.

तोडणी पहाटे होते. हे फळ तोडल्यावर गोड होत नाही, फक्त रंग चढतो आणि मऊ पडतं. लांबच्या बाजारासाठी थोडं आधी तोडलेलं फळ पनेटमध्ये लाल दिसलं तरी आंबट लागतं, ते यामुळे. शेतावर, पूर्ण पिकलेलं, देठासकट तोडलेलं फळ खाल्लं की फरक जिभेलाच कळतो.

*

या व्यवस्थेतला कच्चा दुवा म्हणजे मदर. आपल्याच रोपांपासून पुढची रोपं आपण का करत राहत नाही? काही शेतकरी करतात. पण रनरमधून प्रत हुबेहूब येते तसे विषाणूही हुबेहूब येतात. मावा एका रोपाकडून दुसऱ्याकडे ते नेतो, पानावर ठळक काही दिसत नाही, आणि दोन-तीन पिढ्यांत रोप बारीक, फळ लहान, रनर कमी. त्यात इथल्या रोपाला ती दीर्घ थंडी मिळत नाही, जी परदेशातल्या मदरला मिळालेली असते. म्हणून दरवर्षी किंवा एखाद्या वर्षाआड ताजी मदर आणावी लागते. परवाने, क्वारंटाईन तपासणी, विमानाचं भाडं, जातीच्या पैदासकाराचे हक्क, हे सगळं त्या रोपाच्या किमतीत येतं, आणि खेप उशिरा आली तर पूर्ण हंगाम मागे सरकतो.

ऊतिसंवर्धनाने विषाणूमुक्त मदर इथेच तयार करणं तंत्र म्हणून अवघड नाही. केळी आणि ऊस यांच्या बाबतीत महाराष्ट्राने ते करून दाखवलं आहे. स्ट्रॉबेरीसाठी गरज आहे ती इथल्या हवेत निवडलेल्या जातींची, रोगमुक्त मूळ साठ्याची आणि थंडी देण्यासाठी शीतगृहाची. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-कळवणच्या आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी रुजवली आहे, सापुताऱ्याच्या रस्त्यावर ती विकली जाते. तिथे एक-दोन एकरांवर जगणाऱ्या माणसाला रोपाची किंमत सगळ्यात जास्त टोचते. विद्यापीठांनी आणि सरकारने हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. फळाच्या महोत्सवापेक्षा त्याची निकड मोठी आहे.

*

घरी लावणाऱ्यांसाठी हे सगळं उपयोगाचं आहे, कारण शेतकऱ्याला जे परवडत नाही ते परसात परवडतं : झाडाला त्याची वर्षं देणं.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव, सातारा इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपं आणावीत. कोकणात आणि मुंबईत हिवाळ्यापुरतं फळ मिळतं. उन्हाळ्यात झाड तगवणं तिथे फार अवघड. आठ-दहा इंच रुंद कुंडी, तळाला पुरेशी भोकं. तांबडी माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट जवळजवळ समभाग. लावताना क्राऊनचा मध्य मातीच्या पातळीला यायला हवा. शेतकऱ्यांकडे एका दिवसात हजारो रोपं लागतात, तरी ही पातळी चुकू नये याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं जातं. रोज पाच-सहा तास ऊन. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. बोअरचं जड पाणी या झाडाला अजिबात चालत नाही : पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला तर पाणी बदलावं, पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. पानाच्या खाली बारीक जाळी आणि वर धुरकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानांची खालची बाजू जोरदार पाण्याने धुतल्याने सुरुवातीलाच आटोक्यात येतो. फळ लाल व्हायच्या आदल्या दिवशी बुलबुलाला कळतं, त्यामुळे जाळी हवीच.

फळाच्या महिन्यांत सुटणारे रनर कापून टाकावेत. मार्च संपताना मात्र धोरण उलटं करावं. कुंडी सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत हलवावी, जुनी, तांबूस पानं देठाजवळ कापावीत, वरून कंपोस्टचा पातळ थर द्यावा म्हणजे उघडी पडलेली मुळं झाकली जातील, पण क्राऊनचा मध्य गाडला जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये झाड थकल्यासारखं दिसतं, पानं लहान येतात. त्या वेळी खत देऊ नये, फक्त ओल राखावी. बहुतेक माणसं इथेच कुंडी रिकामी करतात. मधला क्राऊन बोटाने दाबून पाहावा. तो घट्ट असेल तर झाड जिवंत आहे.

पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांच्या आत पण वारा खेळेल अशा जागी, विटांवर उचलून ठेवावी. जूनच्या अखेरीस रनर धावू लागतात. त्यांतले जोमदार तीन-चार ठेवून बाकीचे काढावेत, शेजारी छोट्या कुंड्या मांडून प्रत्येकीत एक पेर तारेच्या आकड्याने टेकवावं. तीन-चार आठवड्यांनी रोप हलकेच वर ओढून पाहावं. मातीने धरून ठेवलं तर मुळं लागली. तरीही आणखी आठवडाभर थांबून मगच दांडा कापावा. ज्या झाडाला गेल्या हंगामात फळ चांगलं आलं आणि पानं निरोगी होती, त्याच्याच लेकी घ्याव्यात. खुरटं, पानं मुरडलेलं झाड असेल तर त्याचे रनर कितीही भरभर धावले तरी नकोत, आणि ते झाडही बाकीच्यांपासून दूर न्यावं. सप्टेंबरच्या मध्यावर लेकी मोठ्या कुंडीत जातात. आई आणखी दोन हिवाळे फळ देते, दुसऱ्या वर्षी बहुधा भरपूर, तिसऱ्या वर्षी फळं लहान होतात. तोवर तिच्या जागी कोण येणार हे गॅलरीत आधीच वाढत असतं, आणि नर्सरीत जाऊन नवं रोप आणण्याची गरज फक्त विषाणूची शंका आली तरच पडते.